गाझी : किताब कोणाचा, गरज कोणाची



मराठ्यांच्या अमलात पडलेले रुपये आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. चांदवडच्या टांकसाळीतला चांदोरी रुपया घ्या, किंवा अहमदाबादचा, अंकुशाची खूण असलेला रुपया घ्या. राज्य मराठ्यांचे, टांकसाळ मराठ्यांची, तिचे उत्पन्न मराठ्यांच्या खजिन्यात जाणारे. पण नाण्यावरची अक्षरे फारसी आहेत. साचा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर सगळा मजकूर उमटत नाही. चार-पाच नाणी शेजारी मांडली की ओळ पुरी होते आणि तीत शब्द येतात : शाह आलम बादशाह गाझी.

आजच्या माझ्या बोलण्याचा विषय यातला शेवटचा शब्द आहे. शाह आलम हे नाव झाले, बादशाह हे पद झाले. गाझी म्हणजे काय? सोपे उत्तर असे की इस्लामसाठी लढलेला योद्धा. हे उत्तर चूक नाही, पण एवढ्यावर थांबले तर चांदवडच्या रुपयाचा अर्थ लागत नाही. शाह आलमने इस्लामसाठी एखादी मोठी लढाई जिंकल्याचे इतिहास सांगत नाही. १७८८ साली गुलाम कादिर या रोहिला सरदाराने त्याचे डोळे काढले आणि त्याला पुन्हा तख्तावर बसवले ते महादजी शिंद्यांच्या फौजांनी. मग हा गाझी कोणाशी लढून गाझी झाला? आणि मराठ्यांनी तो शब्द आपल्या चांदीवर का उमटू दिला?

याचे उत्तर शोधताना मी एका मतापर्यंत आलो आहे. गाझी हा किताब तो धारण करणाऱ्याच्या पराक्रमाबद्दल फार थोडे सांगतो. तो कोणाला हवा होता, कधी हवा होता आणि कोणाला ऐकवण्यासाठी हवा होता, हे मात्र तो फार स्पष्ट सांगतो. म्हणून कागदावर, शिलालेखावर, नाण्यावर हा शब्द दिसला की आधी साल पाहावे आणि मग देणाऱ्याचे नाव पाहावे.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्याकडे फार पसरलेला आहे. गझनी आणि गाझी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गझनी हे अफगाणिस्तानातले शहर. गाझी हा अरबी शब्द, आणि तो ज्या धातूपासून निघतो त्याचा अर्थ छापा घालणे, स्वारीवर जाणे. अरबस्तानातल्या टोळ्या एकमेकींच्या उंटांवर आणि कळपांवर जे छापे घालत त्यांना हाच शब्द होता आणि तो इस्लामच्याही आधीचा आहे. पुढे पैगंबर महंमदांनी स्वतः नेतृत्व केलेल्या मोहिमांना 'गझवा' म्हणू लागले, त्या मोहिमांच्या वृत्तांताला 'मगाझी' म्हणू लागले आणि अल-वाकिदीसारख्या लेखकाने त्याच नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. टोळीच्या छाप्याला असे धर्माचे मोल आले. पण जुना अर्थ पुसला गेला नाही. लूट आणि पुण्य हे दोन्ही या शब्दात शेजारी शेजारी राहिले आणि पुढची हजार वर्षे ते तसेच राहिले.

नवव्या-दहाव्या शतकात मध्य आशियाच्या सीमेवर गाझी म्हणजे स्वयंसेवक. सामानी राज्याच्या कडेला 'रिबात' नावाची तटबंद ठाणी होती. तिथे हे लोक राहत, तुर्क टोळ्यांच्या मुलुखात शिरून छापे घालत आणि त्यावर पोट भरत. त्यांना ठरलेला पगार नव्हता, लुटीत वाटा होता. सीमेवर शांतता झाली की ही माणसे राज्यकर्त्यांना जड होत, कारण हत्यारबंद आणि रिकाम्या माणसांचे काय करायचे हा प्रश्न कोणत्याही राज्याला सुटलेला नाही. महमूद गझनवीच्या हिंदुस्थानावरच्या स्वाऱ्यांत पगारी लष्कराबरोबर असे स्वयंसेवक मोठ्या संख्येने आले. इथे धर्म होता, लूट होती आणि बेकारीही होती. यातले एकच कारण उचलून बाकीची दोन टाकली तर इतिहास लिहिला असे होत नाही.

हिंदुस्थानात या किताबाचा एक जुना आणि मोठा मानकरी मात्र कोणावर चाल करून गाझी झालेला नव्हता. त्याने सीमा राखली. गियासुद्दीन तुघलक १३२० साली दिल्लीच्या तख्तावर आला. त्याआधी तो पंजाबच्या सीमेवरचा सरदार होता आणि त्याला 'गाझी मलिक' म्हणत. मुलतानच्या मशिदीवर त्याचा लेख आपण वाचला असे इब्न बतूता सांगतो : तातारांशी एकोणतीस वेळा लढून त्यांना हरवले म्हणून मला मलिक गाझी म्हणतात. तातार म्हणजे मंगोल. त्या मंगोलांना थोपवले नसते तर दिल्लीचे काय झाले असते याची कल्पना मंगोलांनी बेचिराख केलेल्या बगदादवरून येते. त्या काळातल्या दिल्लीच्या हिंदू व्यापाऱ्याला आणि मुसलमान विणकराला हा गाझी सारखाच हवा होता.

आता बाबराकडे येतो. माझे म्हणणे ज्या एका प्रसंगावर सर्वांत जास्त टेकलेले आहे तो त्याचाच.

एप्रिल १५२६. पानिपतावर बाबराने इब्राहीम लोदीला हरवले, दिल्ली-आग्रा घेतले. हिंदुस्थानातल्या त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा विजय. या विजयानंतर त्याने गाझी हा किताब घेतला नाही. घेणे शक्यही नव्हते, कारण समोरचा सुलतान मुसलमान होता. पुढच्या वर्षी, १७ मार्च १५२७ रोजी खानव्याला राणा संगाशी लढाई झाली. या लढाईपूर्वी बाबराचे सैन्य खचले होते. राजपुतांच्या पराक्रमाच्या वार्ता छावणीत पसरल्या होत्या, काबूलहून आलेल्या ज्योतिष्याने ग्रह प्रतिकूल असल्याचे भाकीत केले होते, आणि हिंदुस्थानचा उन्हाळा नकोसा झालेले सरदार परतीच्या गोष्टी बोलत होते. अशा वेळी बाबराने दारू सोडली. सोन्या-रुप्याचे पेले फोडून गरिबांना वाटले, मुसलमानांवरचा तमघा नावाचा कर माफ केला आणि सरदारांकडून कुराणावर हात ठेवून शपथा घेतल्या. हे सगळे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले आहे, आणि इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की सैन्याची भीती आपल्याला आजही जाणवते. लढाई जिंकल्यावर त्याने आपल्या तुघऱ्यात, म्हणजे शाही मुद्रेत, गाझी हा शब्द घालायला सुरुवात केली.

या प्रसंगाकडे नीट पाहा. राणा संगाच्या बाजूने हसन खान मेवाती लढत होता आणि त्याच लढाईत तो मारला गेला. सिकंदर लोदीचा मुलगा महमूद लोदीही राण्याच्या बाजूला होता. म्हणजे रणांगणावर सरळ हिंदू विरुद्ध मुसलमान अशी रेघ नव्हती. ती रेघ बाबराने शब्दांनी ओढली, कारण मोडलेल्या सैन्याला एका ठिकाणी उभे करायला त्याच्याकडे दुसरे साधन उरले नव्हते. बाबराची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणत नाही. माणसाची श्रद्धा आणि माणसाची गरज एकाच वेळी खरी असू शकते. पण पानिपताला न लागलेला शब्द खानव्याला लागला, त्याचे कारण श्रद्धा अकरा महिन्यांत वाढली एवढेच नाही.

अशीच गोष्ट सव्वाशे वर्षे आधी तैमूरची. १४०२ च्या उन्हाळ्यात अंकाराजवळ त्याने उस्मानी सुलतान बायजीदला हरवून कैद केले. बायजीद हा युरोपातल्या ख्रिस्ती राजांशी लढणारा सुलतान म्हणून सगळ्या मुसलमान जगात वाखाणला जात होता. त्यालाच पिंजऱ्यात घातल्यासारखे झाले, त्यामुळे तैमूरचे नाव काळवंडले. मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात तैमूरने समुद्रकाठच्या स्मर्ना शहराला वेढा घातला. ते शहर ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, हॉस्पिटलर संघटनेच्या ताब्यात होते. बायजीदला ते घेता आले नव्हते. तैमूरने ते थोड्याच दिवसांत घेतले. एका गाझीला हरवल्याचा ठपका पुसायला दुसरे गाझीपण मिळवावे लागले.

आणि हे उस्मानी गाझी तरी कोण होते? या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतल्या आणि तुर्कस्तानातल्या इतिहासकारांनी जवळजवळ शंभर वर्षे वाद घातला आहे. पॉल विटेक या इतिहासकाराने १९३० च्या दशकात मांडले की उस्मानी राज्य म्हणजे मुळात गाझींची संघटना. धर्मयुद्ध हेच तिचे बळ. त्याचा मुख्य आधार होता बुर्सा शहरातला १३३७ सालचा सुलतान ओरहानचा शिलालेख, ज्यात सुलतानाला 'गाझी, गाझीचा पुत्र' म्हटले आहे. पुढे रूडी लिंडनर, हीथ लोरी यांनी हे मत खोडले. त्यांनी दाखवले की आरंभीच्या उस्मानी सैन्यात ख्रिस्ती सरदार लढत होते. कोसे मिहाल हा बिझंटाईन सरदार राज्याचा संस्थापक उस्मान याचा सोबती होता आणि त्याचे वंशज मिहालओग्लू पुढे सीमेवरच्या स्वारांचे सेनापती झाले. केमाल कफादार यांनी या वादात मधली, मला सर्वांत पटणारी वाट काढली. त्यांच्या मते सीमेवरच्या लोकांना गाझी असणे आणि ख्रिस्ती शेजाऱ्याशी सोयरीक किंवा मैत्री करणे यात विसंगती वाटतच नव्हती. आपण आज शब्दकोश उघडून जी भिंत उभी करतो, ती त्या माणसांच्या रोजच्या जगण्यात तशी नव्हती.

मोगलांकडे परत येऊ. बाबरानंतर गाझी हा शब्द मोगल बादशहाच्या नावाचे शेपूट बनला. अकबराबद्दल दोन कथा आहेत. १५५६ साली पानिपतावर जखमी हेमूला त्याच्यासमोर आणले तेव्हा बैरामखानाने सांगितल्यावरून चौदा वर्षांच्या अकबराने तलवार चालवली आणि गाझी झाला, असे काही लेखक सांगतात. अबुल फझल सांगतो की अकबराने नकार दिला. खरे काय झाले यापेक्षा मला याचे महत्त्व वाटते की एकाच दरबाराच्या आठवणीत दोन्ही कथा जिवंत राहिल्या. अकबराच्या आरंभीच्या नाण्यांवर 'जलालुद्दीन महंमद अकबर बादशाह गाझी' आहे. पुढे त्याच्या स्वतःच्या इलाही सनाची नाणी निघाली, त्यांवर 'अल्लाहु अकबर, जल्ल जलालुहू' एवढेच राहिले. किताब गेला, बादशहाचे सरळ नावही गेले. ज्याच्या दरबारात मानसिंह आणि तोडरमल बसतात, त्या बादशहाला त्या शब्दाची निकड उरली नव्हती. पण शहाजहानच्या नाण्यांवर तो पुन्हा दिसतो आणि औरंगजेबाच्या पूर्ण नावात तर तो ठळक आहे : मुहियुद्दीन महंमद औरंगजेब बहादूर आलमगीर बादशाह गाझी.

या बादशाह गाझीची महाराष्ट्रातली एक मोहीम आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १६६५. सेनापती मिर्झाराजे जयसिंह, म्हणजे आमेरचा राजपूत. पुरंदरचा तह झाला, शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि तहाप्रमाणे मोगलांबरोबर विजापूरच्या आदिलशहावर चालून गेले. गाझी बादशहाचा सेनापती हिंदू, त्याच्या फौजेत शिवाजी महाराज, आणि लक्ष्य मुसलमान आदिलशहा. पुढे १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा याच बादशहाने बुडवले. त्याच्या पूर्ण किताबातला गाझी हा शब्द मात्र सुटला नाही. औरंगजेब धर्मनिष्ठ होता याबद्दल मला शंका नाही, जिझिया त्याने पुन्हा लावला हेही विसरता येत नाही. पण दख्खनची त्याची पंचवीस वर्षे फक्त त्या एका शब्दातून वाचणाऱ्याला विजापूर आणि गोवळकोंडा कुठे ठेवावेत हेच कळणार नाही.

याच दख्खनच्या युद्धात औरंगजेबाने मीर शिहाबुद्दीन या तुराणी सरदाराला 'गाझीउद्दीन खान फिरोझजंग' केले. हे घराणे आपल्या इतिहासात इतके गुंतलेले आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. विजापूरच्या वेढ्यात शहजादा आझमच्या उपाशी छावणीला रसद पोचवणारा हाच फिरोझजंग. नंतर प्लेगच्या साथीत त्याची दृष्टी गेली, तरी आंधळा सरदार फौजेचे नेतृत्व करीत राहिला. दिल्लीत अजमेरी दरवाजाजवळ त्याने बांधलेला मदरसा पुढे दिल्ली कॉलेजचे घर झाला. याचा मुलगा चिनकिलीचखान, म्हणजे पहिला निजाम-उल्-मुल्क, ज्याच्याशी बाजीरावाची पालखेडला गाठ पडली.

निजामाचा थोरला मुलगा दुसरा गाझीउद्दीन. बाप गेल्यावर दख्खनची सुभेदारी धाकट्या भावंडांनी आणि फ्रेंचांनी बळकावली होती. ती परत मिळवायला हा गाझीउद्दीन १७५२ मध्ये दिल्लीहून निघाला, आणि कोणाच्या बळावर? मराठ्यांच्या. होळकर-शिंद्यांच्या फौजा त्याच्या पाठीशी होत्या आणि बदल्यात मोठा मुलूख देण्याचे वचन होते. औरंगाबादला पोचल्यावर काही दिवसांतच तो विषप्रयोगाने मेला. पण वचन वाया गेले नाही. त्याच वर्षी भालकीच्या तहात त्याचा धाकटा भाऊ सलाबतजंग याला तो मुलूख बाळाजी बाजीरावाला द्यावा लागला.

त्याचा मुलगा इमादुल्मुल्क, तिसरा गाझीउद्दीन. याच्या नावावरून गाझियाबाद असे अनेकदा सांगितले जाते. खरे तर गाझीउद्दीननगर हे नाव मूळ त्याच्या घराण्याच्या त्या किताबाचेच. या तिसऱ्याने १७५४ मध्ये मराठ्यांच्या मदतीने एक बादशहा उतरवला आणि त्याचे डोळे काढले. दुसरा बसवला, त्याला आलमगीर नाव दिले, आणि १७५९ मध्ये त्याचाही खून करवला. नावाचा अर्थ पाहिला तर 'धर्माचा गाझी', आणि त्याने मारले ते एका मुसलमान बादशहाला, ज्याच्या किताबातही गाझी होते. पुढे तिसऱ्या पानिपतानंतर हा माणूस कुठे कुठे भटकला. शेवटी त्याला थारा दिला तो मराठ्यांनी. बुंदेलखंडात काल्पीजवळची बावन्न गावे त्याला पेशव्यांच्या सनदेने मिळाली. त्या बावन्न गावांचे बावनी संस्थान झाले आणि ते हिंदुस्थान स्वतंत्र होईपर्यंत टिकले. गाझीउद्दीनच्या वंशजांना पुण्याच्या ब्राह्मण पेशव्याच्या सनदेवर दीडशे वर्षांहून जास्त राज्य मिळाले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते.

आता चांदवडच्या रुपयाचा उलगडा होतो. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक केला तेव्हा नाण्यावर 'श्री राजा शिव छत्रपति' ही देवनागरी अक्षरे आली. तो स्वतंत्र सार्वभौमत्वाचा दावा होता आणि तो तसाच वाचायला हवा. पण शाहूच्या काळात राज्याची चौकट बदलली. चौथाई आणि सरदेशमुखीच्या १७१९ च्या सनदा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने आल्या, आणि उत्तरेत पसरताना मराठे त्याच चौकटीतून पसरले. त्यातच बाजारात सावकार, सराफ, घोड्यांचे व्यापारी यांची सवय मोगली रुपयाला होती. ज्या रुपयावर ओळखीची अक्षरे तो रुपया बट्ट्याविना चालत होता. गाझी हा शब्द तिथे धर्माची घोषणा नव्हता, चांदीच्या वजनाची हमी होता. हे काही मराठ्यांच्या शरणागतीचे लक्षण नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा सुरतेच्या नावाचे रुपये शाह आलम बादशाह गाझीच्या नावाने पाडत होती, आणि बादशहा मेल्यावरही त्याचे ठरावीक राज्यवर्ष गोठवून १८३५ पर्यंत पाडत राहिली. त्यानंतरच चौथ्या विल्यमचे डोके नाण्यावर आले. ज्या कंपनीने बादशहाला पेन्शनवर आणले, तिचाच पैसा त्या बादशहाला गाझी म्हणत होता.

१८५७ मध्ये या शब्दाला पुन्हा एकदा धार आली. दिल्लीत लढायला आलेल्या काही मुसलमान तुकड्या स्वतःला गाझी म्हणवून घेत होत्या. बहादूरशहा जफर स्वतः 'बादशाह गाझी' होता. त्या वर्षीच्या बकरीदेला, शहराला इंग्रजांचा वेढा पडलेला असताना, याच बादशहाने गाय कापायला बंदी केली, कारण त्याच्या बाजूने लढणारे बहुसंख्य शिपाई हिंदू होते. तुकड्यांचा गाझी आणि बादशहाचा गाझी एकाच शहरात, एकाच पावसाळ्यात, वेगवेगळे निघाले.

इंग्रजांनी मात्र वायव्य सरहद्दीवर या शब्दाचा एकच अर्थ पक्का केला. पेशावर आणि बलुचिस्तानात एखादा पठाण एकटा येऊन गोऱ्या अधिकाऱ्यावर सुरी चालवी, त्याला ते सरसकट गाझी म्हणू लागले आणि १८६७ मध्ये अशा माणसांसाठी खास कायदा केला, ज्यात खटला झटपट चालून फाशी होत असे. हत्येमागे जमिनीचा वाद होता, अपमान होता की धर्म होता, हे तपासायची गरज त्या नावाने संपवली. आपल्या मनात आज या शब्दाची जी रक्ताळलेली प्रतिमा आहे ती बरीचशी त्या सरहद्दीवरच्या इंग्रजी कचेऱ्यांतून आलेली आहे. तिला आणखी एक जोड मिळाली ती १९७१ ची. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी डिसेंबरच्या सुरुवातीला विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि आज कित्येकांना हा शब्द त्या पाणबुडीमुळेच माहीत आहे.

तुर्कस्तानात शब्दाची गोष्ट अगदी वेगळी झाली. १९२१ च्या उन्हाळ्यात ग्रीक सैन्य अंकाराच्या जवळ आले. साकार्या नदीकाठी तीन आठवडे लढाई चालली आणि ग्रीकांना मागे फिरावे लागले. १९ सप्टेंबर १९२१ रोजी अंकाऱ्याच्या राष्ट्रीय सभेने मुस्तफा केमालला मार्शल हा हुद्दा आणि गाझी हा किताब दिला. खलीफाने नव्हे, उलेमांनी नव्हे, निवडून आलेल्या सभेने. तो माणूस पुढे वर्षानुवर्षे 'गाझी मुस्तफा केमाल' अशी सही करीत राहिला. आपल्याकडे खिलाफत चळवळीतल्या लोकांनी गाझी केमालचा जयजयकार केला, आणि त्याच गाझीने ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतच रद्द करून टाकली. हा धक्का हिंदी मुसलमानांना का बसला हे समजायला त्याच्या किताबाचा उगम लक्षात घ्यावा लागतो. त्यांना वाटले होते की हा धर्माचा गाझी आहे. अंकाराने त्याला देशाचा गाझी केले होते. १९३४ मध्ये आडनावाचा कायदा आला आणि सभेने त्याला अतातुर्क हे आडनाव दिले.

शब्द तिथे मोडीत निघाला नाही, माणसावरून शहरांवर आणि जखमी शिपायांवर गेला. अँटेप शहराने फ्रेंचांच्या वेढ्याला दिलेल्या झुंजीबद्दल सभेने १९२१ मध्येच त्याला गाझी म्हटले, म्हणून ते आज गाझीअँटेप आहे. आजच्या तुर्की कायद्यात आणि रोजच्या बोलण्यात गाझी म्हणजे युद्धात लढलेला किंवा जखमी झालेला माणूस, सायप्रसमध्ये लढलेला, कोरियात लढलेला. जुलै २०१६ मध्ये लष्करातल्या काहींनी उठाव केला तेव्हा रस्त्यावर उतरून रणगाड्यांपुढे उभे राहिलेले नागरिक जखमी झाले. सरकारने त्यांनाही गाझी ठरवले. त्यांनी ज्यांच्याविरुद्ध उभे राहायचे ठरवले ते शिपाई मुसलमान होते आणि स्वतःच्या देशाचेच होते. हा शब्द इथपर्यंत आला तेव्हा 'काफिराशी लढणारा' हा अर्थ त्यात शिल्लक नव्हता.

आता उत्तर प्रदेशातल्या बहराइचकडे वळतो, कारण आजच्या आपल्या देशात या शब्दावरून सर्वांत जास्त भांडण तिथे होते. सालार मसूद हा महमूद गझनवीचा भाचा, कोवळ्या वयात १०३४ च्या सुमारास बहराइचला लढताना मारला गेला, अशी कथा आहे. महमूदच्या काळातले इतिहासकार त्याचा उल्लेखही करत नाहीत. त्याची सविस्तर कहाणी 'मिरात-ए-मसूदी' या सतराव्या शतकातल्या फारसी ग्रंथात सापडते, म्हणजे घटनेनंतर सहाशे वर्षांनी. पण पूजा त्याहून जुनी. चौदाव्या शतकात महंमद तुघलक त्याच्या कबरीला गेला होता. सिकंदर लोदीने त्याच्या नावाने निघणारी नेझ्यांची, म्हणजे भाल्यांची, मिरवणूक बंद केली होती. लोक त्याला गाझी मियाँ म्हणतात. जेठ महिन्यात त्याची 'शादी' भरते, डफ वाजवणारे डफाली त्याची गाणी म्हणतात आणि जत्रेला हिंदू स्त्रिया मुलाबाळांच्या नवसाने मोठ्या संख्येने जातात. शाहिद अमीन यांनी या गाण्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून पुस्तक लिहिले आहे. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट विलक्षण आहे : अनेक गाण्यांत गाझी मियाँ गुराख्यांच्या गायी वाचवताना मरतो.

आज एका बाजूला त्याला आक्रमक म्हणून जत्रा बंद करा म्हणणारे आहेत, आणि त्याला लढाईत मारणाऱ्या राजा सुहेलदेवाचे पुतळे उभे होत आहेत. दुसऱ्या बाजूला तो फक्त सूफी संत होता, तलवारीशी त्याचा संबंध नव्हता, असे म्हणून इतिहास मऊ करणारे आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. कथा आक्रमणाची आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि शेकडो वर्षे त्याच कबरीवर नवस बोलणाऱ्या कुणबी, अहीर, पासी बायांनी त्या आक्रमणाच्या कथेला गायींच्या राखणदाराची कथा केली, हेही तितकेच खरे आहे. त्या बायांनी कोणाला विचारून हे केले नाही. बादशहांनी किताब घेतले, सभांनी किताब दिले, कचेऱ्यांनी किताबाचा गुन्हा केला. इथे नवस बोलणाऱ्यांनी किताबाचा अर्थ आपल्या घरातल्या गरजेने बदलला.

बंगालमध्ये तर गाझी पीर वाघावर बसतो. सुंदरबनात मध गोळा करायला किंवा लाकूड तोडायला जाणारे हिंदू आणि मुसलमान त्याचे नाव घेऊन जंगलात शिरतात, आणि त्याच्या कथेची चित्रे पटावर काढून ती कथा गात गावोगाव फिरणारे चित्रकार होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा असा एक लांबलचक पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात गाझीच्या हातात साप आहेत, शेजारी वाघ आहेत, देवी आहेत, मगरी आहेत, आणि त्या सगळ्या पटाला बादशाह, तख्त आणि खुतबा यांची गरज कुठेच पडलेली नाही. पट वाचणाऱ्याने प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून कथा सांगायची असे आणि ऐकणाऱ्यांनी शेवटी तांदूळ द्यायचे.